जपानच्या सहलीचे शेवटचे दोन दिवस : टोकियोत पायी भटकायचं कसं

ओसाका, क्योतो, नारा, हिरोशिमा, मग हाकोने नाहीतर ताकायामा असं करत जपानची सहल टोकियोला टेकते, तेव्हा आपली अवस्था काय असते हे सहलीच्या वेळापत्रकात लिहिलेलं नसतं. पाय बोलायला लागलेले असतात. बॅगेची चेन दोघांनी मिळून लावावी लागते. आणखी एक देऊळ दिसलं की ‘अजून एक?’ असा चेहरा होतो. नेमकं तेव्हाच घरातलं कुणीतरी फोनमधली यादी काढतं. शिबुया राहिलं, अकिहाबारा राहिलं, ओदाइबा राहिलं, तेवढं उरकून घेऊ. टोकियो असं उरकत नाही. यादीमागे लागलात तर दोन्ही दिवस स्टेशनांचे जिने चढण्यात आणि गाड्या बदलण्यात जातील.

यादी बाजूला ठेवायची तयारी असेल तर पुढे वाचा. हाताशी दोन पूर्ण दिवस आहेत आणि तिसऱ्या दिवशी विमान आहे, असं धरलंय. परतीची कामं आधी संपवायची, शहराचा एकच तुकडा निवडायचा आणि मग त्यात मोकळं फिरायचं. माझ्या मते तो तुकडा म्हणजे शहराच्या ईशान्येचा यानाका, उएनो, असाकुसा हा जुना भाग.

१. क्योतो-ओसाका सोडतानाच जड बॅग पुढे धाडा

जपानमध्ये घरपोच सामान पाठवायची ‘ताक्क्युबिन’ नावाची सोय आहे. यामातो या कंपनीची काळी मांजर तोंडात पिल्लू धरून चाललेली सगळीकडे दिसते, तीच ही सेवा. हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, टोकियोच्या हॉटेलचं नाव-पत्ता, फोन आणि बुकिंग ज्या नावावर आहे ते नाव फॉर्मवर लिहायचं, पैसे भरायचे, पावती जपून ठेवायची. क्योतोहून सकाळी दिलेली बॅग सहसा दुसऱ्या दिवशी टोकियोला पोचते. मोठ्या बॅगेला साधारण अडीच-तीन हजार येन पडतात. एका रात्रीचे कपडे, औषधं, चार्जर आणि पासपोर्ट पाठीवरच्या सॅकमध्ये. पासपोर्ट बॅगेत टाकून पाठवायचा नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो.

बॅग सोबतच न्यायची असेल तर एक नियम ध्यानात ठेवा. क्योतो-टोकियो शिंकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर जाणाऱ्या बॅगेसाठी डब्याच्या शेवटची खास जागा आधी राखून ठेवावी लागते. तिचे वेगळे पैसे नाहीत, पण न राखता चढलात तर १,००० येन भरावे लागतात.

रेल्वे पास घेतला असेल तर तो टोकियोत पोचण्याच्या दिवशी संपेल असा आखा. शहरातल्या शहरात फिरायला तो महागडा पास जाळण्यात अर्थ नाही.

२. मुक्काम विमानतळ बघून ठरवा

परतीचं विमान नरिताहून आहे की हानेदाहून, हे तिकिटावर बघा. नरिता शहरापासून साठेक किलोमीटर लांब, शेजारच्या चिबा प्रांतात आहे. हानेदा त्या मानानं दाराशी. नरितासाठी उएनो किंवा निप्पोरीहून केइसेई या रेल्वे कंपनीची स्कायलायनर गाडी. निप्पोरीहून चाळीसेक मिनिटं लागतात. हानेदासाठी हामामात्सुचोहून मोनोरेल किंवा शिनागावाहून केइक्यू कंपनीची गाडी.

घोळ टाळायचा असेल तर असाकुसात राहा. तिथल्या असाकुसा मार्गिकेवरून दोन्ही विमानतळांना थेट गाड्या आहेत. शिंजुकुचं नाव ऐकून तिकडे हॉटेल घेऊ नका. त्या स्टेशनला दोनशेच्या वर दरवाजे आहेत, आणि बॅगा, आई-बाबा आणि पेंगुळलेलं पोर घेऊन चुकीच्या दरवाज्यातून बाहेर पडणं म्हणजे काय, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. खोल्या सगळीकडेच लहान. दोन बॅगा एकाच वेळी जमिनीवर उघडता आल्या तर खोली मोठी समजायची.

३. पहिल्या संध्याकाळी अर्धा तास हिशेबाला द्या

हे कंटाळवाणं काम पहिल्याच संध्याकाळी करून टाका, म्हणजे पुढचे दोन दिवस डोकं रिकामं राहतं.

पिशवीतली नाणी टेबलावर ओता. येनच्या नोटा भारतात बदलून मिळतात, नाण्यांना कुणी विचारत नाही. ५०० येनचं एक नाणं म्हणजे एक जेवण, त्यामुळे मोठी नाणी आधी खर्चा. ५ येनचं भोकाचं पिवळं नाणं देवळातल्या पेटीत टाकायला तिथे शुभ मानतात, ती वेगळी काढून ठेवा.

मग प्रवासाचं कार्ड. ओसाका-क्योतोला घेतलेलं निळं ‘इकोका’ टोकियोतही चालतं, पण त्याची अनामत टोकियोत परत मिळत नाही, ती पश्चिमेकडच्या जेआर (जपान रेल्वे) स्टेशनांवरच मिळते. तेव्हा ते कान्साई, म्हणजे ओसाका-क्योतोचा भाग, सोडण्याआधी परत करा, नाहीतर पुढच्या सहलीसाठी ठेवून द्या. शेवटच्या वापरापासून दहा वर्षं ते चालतं. टोकियोचं हिरवं ‘सुइका’ असेल तर अनामत ५०० येन. परत करताना शिलकीतून २२० येन कापून घेतात, पण शिल्लक शून्य असेल तर काही कापत नाहीत आणि ५०० पूर्ण मिळतात. म्हणून शेवटच्या दिवशी सेव्हन-इलेव्हनसारख्या दुकानात कार्ड आधी रिकामं करायचं. वस्तूची किंमत शिलकीपेक्षा जास्त झाली तर उरलेली रक्कम रोख देता येते, एवढं काउंटरवर हातवारे करून सांगितलं तरी कळतं. पर्यटकांचं ‘वेलकम सुइका’ असेल तर त्यात अनामतही नाही आणि परतावाही नाही. सरळ खर्चून टाका.

विमानतळाच्या गाडीचे पैसे वेगळ्या पाकिटात घालून बाजूला ठेवा. रोकड कमी पडली तर सेव्हन-इलेव्हनमधलं एटीएम परदेशी कार्ड घेतं.

४. पहिला दिवस : निप्पोरी ते ओकाचिमाची, रमतगमत

सगळं मिळून पाचेक किलोमीटरचं अंतर आहे आणि त्याला अख्खा दिवस द्यायचा. सकाळी दहाच्या आत निघण्यात फायदा नाही, यानाकातली दुकानं त्याआधी उघडतच नाहीत. सोमवार टाळता आला तर टाळा. उएनोची बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, आणि सोमवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ती मंगळवारी बंद ठेवतात.

निप्पोरी स्टेशनच्या पश्चिम बाजूनं बाहेर पडलात की चढ लागतो. डावीकडे यानाकाची दफनभूमी. दफनभूमीत काय फिरायचं, असं आपल्याकडच्या माणसाला वाटणार, पण इथे चेरीच्या झाडांखालून सरळ रस्ता जातो आणि लोक सायकलवरून भाजी घेऊन घरी निघालेले असतात. शेवटचा शोगुन (जपानवर राज्य करणारा लष्करप्रमुख) तोकुगावा योशिनोबु इथेच पुरलेला आहे. पोलीस चौकीजवळ कुंपणात काही चौथऱ्याचे दगड दिसतील. तिथे पाच मजली लाकडी पागोडा होता, तो १९५७ मध्ये जळाला. एवढेच दगड उरले.

चढाच्या दुसऱ्या टोकाला ‘युयाके दानदान’ नावाच्या पायऱ्या आहेत आणि खाली यानाका गिंझा ही जेमतेम पावणेदोनशे मीटरची बाजारगल्ली. १९२३ चा भूकंप आणि युद्धातली बॉम्बफेक या दोन्हींतून हा भाग बऱ्यापैकी वाचला, म्हणून इथली घरं बुटकी आणि गल्ल्या वाकड्या. गल्ली बघायला पंधरा मिनिटं पुरतात. खरी मजा तिच्या आजूबाजूला आहे, त्यामुळे गर्दी दिसली की पहिल्या आडव्या बोळात वळा.

हरवण्याची भीती ठेवू नका. जपानमध्ये बहुतेक गल्ल्यांना नावंच नसतात, पत्ते वस्तीच्या तुकड्यांना दिलेल्या क्रमांकांवरून लावतात, त्यामुळे तिथलाही माणूस नकाशा बघूनच चालतो. फोनमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवा आणि तरीही तासभर तो खिशातच राहू द्या. अगदीच अडलं तर नाक्यावर ‘कोबान’ म्हणजे पोलीस चौकी असते. तिथल्या हवालदाराच्या कामाचा मोठा भाग रस्ते सांगणं हाच आहे. हॉटेलचं कार्ड दाखवा, तो कागदावर काढून देईल. लोकांच्या दारातल्या कुंड्यांचे फोटो काढताना मात्र भान ठेवा, ती कुणाची तरी राहती घरं आहेत.

या बोळांमध्ये एका तिठ्यावर प्रचंड मोठं झाड आहे, आणि त्याच्या बुंध्याला चिकटून पावाचं जुनं दुकान. ते झाड हिमालयातला देवदार. कुणीतरी कुंडीत लावलेलं रोप एवढं वाढलं असं तिथले लोक सांगतात. दुकान झाडाला टेकलंय की झाड दुकानाला, हे बघताना कळत नाही. त्या भागात १९१६ च्या लाकडी घरातलं कायाबा कॉफी हे दुकानही आहे; रांग नसेल तर बसा, असेल तर पुढे चला. बसायची जागा दिसली की बसणं हा या दिवसाचा नियमच ठेवा, कारण टोकियोत रस्त्यावर बाकडी कमी. देवळाचं आवार, बाग, दुकानातला खाण्याचा कोपरा, जिथे मिळेल तिथे टेकायचं.

तिथून दक्षिणेला नेझुचं देऊळ. आताच्या इमारती १७०६ च्या. ‘तोरी’ म्हणतात त्या लाल कमानींची छोटी रांग आहे आणि क्योतोच्या फुशिमी इनारीत जेवढी माणसं अंगावर येतात तेवढी इथे येत नाहीत. एप्रिलमध्ये गेलात तर टेकडीभर अझेलिया फुललेला असतो आणि गर्दीही.

मग शिनोबाझुचं तळं. जुलै-ऑगस्टच्या सकाळी इथे कमळं असतात. बाकीच्या वेळी वाळलेले देठ, बदकं आणि बाकांवर डुलक्या काढणारी म्हातारी मंडळी. तळ्याच्या मधोमध बेंतेन-दो हे देऊळ आहे आणि त्यातली बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथवर आलेली. वीणेच्या जागी हातात ‘बिवा’ नावाचं वाद्य आलं, आणि पाण्याशी असलेलं नातं राहिलं, म्हणून तिची देवळं तळ्यात नाहीतर बेटावर. नमस्कार करून लगेच फिरू नका. देवळाभोवती उभे दगड आहेत, ते नीट बघा. एक चष्म्याचं स्मारक आहे, एक स्वयंपाकाच्या सुऱ्यांचं, एक फुगु या विषारी माशाचं. ज्या वस्तूंवर आणि जिवांवर पोट चाललं त्यांचे आभार मानणारे हे दगड. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात, त्यामुळे मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

संध्याकाळी उएनो ते ओकाचिमाची रेल्वेच्या पुलाखालचा आमेयोको बाजार. युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून उभा राहिलेला, ओरडून माल विकणारा, टोकियोच्या मानानं फारच गोंगाटाचा. सुका मेवा, चहा, बूट, मासळी. थकला असाल तर ओकाचिमाचीला गाडी पकडा. सरकत्या जिन्यावर मात्र डावीकडे उभे राहा. ओसाकात उजवीकडे उभं राहायची सवय लागलेली असते आणि इथे मागच्याचा रस्ता अडतो.

हिवाळ्यात गेला असाल तर हा सगळा कार्यक्रम तासभर अलीकडे ओढा. डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो.

५. दुसरा दिवस : पहाटे असाकुसा, मग ट्राम

असाकुसाचं सेन्सो-जी हे देऊळ दुपारी बघण्यात अर्थ नाही. इथलं आवार कायम उघडं असतं, आणि मुख्य मंदिर सकाळी सहाला उघडतं, थंडीत साडेसहाला. त्या वेळी देवळासमोरच्या नाकामिसे गल्लीतली दुकानं बंद असतात, पण त्यांच्या शटरवर काढलेली चित्रं तेव्हाच दिसतात. सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती सापडली आणि त्यातून हे देऊळ उभं राहिलं, अशी इसवी सन ६२८ ची कथा. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर. आताची इमारत मात्र १९५८ ची, आधीची १९४५ च्या बॉम्बफेकीत जळाली. शंभर येन टाकून भविष्याची चिठ्ठी काढायची असेल तर काढा, पण इथे वाईट चिठ्ठ्या बऱ्याच निघतात. ती तिथल्याच दांडीला बांधून यायची. नाश्त्यानंतर कामिनारीमोन या देवळाच्या बाहेरच्या दरवाज्यासमोरच्या पर्यटन केंद्राच्या आठव्या मजल्यावर जा. फुकट आहे, आणि देवळाची अख्खी गल्ली वरून दिसते. पलीकडे ६३४ मीटरचा स्कायट्री मनोरा उभा असतो; त्याच्यावर चढण्यापेक्षा त्याला इथून बघणं मला जास्त पटतं.

दहाच्या सुमारास चालत कप्पाबाशीला. साधारण ८०० मीटरचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना फक्त स्वयंपाकघराचं सामान. सुऱ्या, लोखंडी तवे, वाट्या, हॉटेलांच्या काचेत ठेवायचे मेणा-प्लास्टिकचे पदार्थ. संध्याकाळी पाचला बरीच दुकानं मिटतात, रविवारी अनेक बंदच. सुरी घेतलीत तर ती विमानात चेक-इन बॅगेतच जाणार, म्हणून बॅग भरायच्या आधी घ्या.

इथून पुढे पायांना सुट्टी. इरियाहून हिबिया मार्गिकेनं एक स्टेशन मिनोवा, तिथून पाच मिनिटं चालून मिनोवाबाशी. टोकियोत एके काळी ट्रामचं जाळं होतं. त्यातली तोदेन आराकावा ही १२.२ किलोमीटरची मार्गिका शिल्लक आहे. एकच डबा, कुठूनही कुठेही एकच भाडं, पुढून चढायचं, मागून उतरायचं. लोकांच्या परसातून, वाळत घातलेल्या चादरींच्या शेजारून ती जाते. दुपारी आज्या आणि शाळकरी पोरं.

कोशिंझुका थांब्यावर उतरून सुगामोच्या जिझो-दोरी बाजारात शिरा. हाराजुकु हा तरुण पोरांच्या फॅशनचा भाग, म्हणून या गल्लीला ‘आज्यांचं हाराजुकु’ म्हणतात. लाल अंतर्वस्त्रांची प्रसिद्ध दुकानं आहेत, आरोग्याला चांगली म्हणून. कोगान-जी देवळाच्या आवारात कान्नोनची एक लहान दगडी मूर्ती आहे. रांगेत उभं राहायचं, मूर्तीवर पाणी घालायचं आणि आपला जो अवयव दुखतो तोच मूर्तीचा अवयव छोट्या टॉवेलनं पुसायचा. बहुतेकांचा हात गुडघ्याकडे जातो. इतके दिवस चालल्यावर तुमचाही जाईल. महिन्याच्या ४, १४ आणि २४ तारखेला इथे जत्रा भरते, तेव्हा फेरीवाल्यांनी रस्ता फुलतो. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला सुगामो स्टेशन. यामानोते मार्गिकेनं थेट उएनो.

अजून दम असेल तर ट्राममधून कोशिंझुकाला न उतरता पुढे किशिबोजिन-माएला जा. तिथल्या देवळाची देवी म्हणजे हारीती, लहान मुलांना राखणारी बौद्ध देवता. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात पांचिकासोबत बसलेली तीच. आवारात जुना प्रचंड गिंको वृक्ष आणि १७८१ पासूनचं पोरांच्या गोळ्या-चॉकलेटचं दुकान आहे.

६. शाकाहारी असाल तर

खरा अडथळा दिसणारं मांस नसून न दिसणारी दाशी असते. सुक्या बोनितो माशाचा हा अर्क सूपमध्ये, सोबा शेवयांच्या रसात, भाज्यांवरच्या सॉसमध्ये, आंबट आलुबुखाऱ्याच्या ओनिगिरीत (भाताच्या मुटक्यात) सुद्धा असू शकतो. ‘निकु नाशी’ म्हणजे मांस नको, एवढं म्हणून भागत नाही. ‘निकु, साकाना, दाशी नाशी’ असं तिन्हींची नावं घेऊन सांगा, आणि पाकिटाच्या मागचा मजकूर फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून वाचा. कोको इचिबान्या या करीच्या हॉटेलांच्या काही शाखांमध्ये शाकाहारी करी वेगळी मिळते.

सहलीच्या शेवटी बाबांना भात-आमटीच हवी असेल तर सरळ तोझाई मार्गिकेनं निशि-कासाईला जा. २००० नंतर आयटीतली भारतीय कुटुंबं इथे वसत गेली, त्यामुळे जेवायच्या जागाही झाल्या, किराणाही मिळतो, आणि स्टेशनबाहेर मराठी कानावर आलं तर दचकू नका. मासे-मांस खाणाऱ्यांना या लेखाची गरज नाही. त्यांनी संध्याकाळी कुठल्याही मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात जावं. बंद व्हायच्या आधीच्या तासात डब्यांवर सवलतीच्या चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात होते.

कचरा मात्र सोबत बाळगावा लागतो. १९९५ च्या भुयारी रेल्वेतल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतर सार्वजनिक डबे बरेच काढले गेले. सॅकमध्ये एक रिकामी पिशवी ठेवा.

७. दोन्हीपैकी एका रात्री सेंतो

सेंतो म्हणजे गल्लीतलं सार्वजनिक स्नानगृह. साधारण साडेपाचशे येन. पुरुष आणि बायका वेगळ्या दालनात, अंगावर कपडा नाही, आणि आपली पहिली अडचण तीच. पाच मिनिटं अवघड जातात, मग लक्षात येतं की कुणी कुणाकडे बघत नाहीये. चपला बाहेरच्या कप्प्यात. आत गेल्यावर आधी लहान स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ धुवायचं, फेस पूर्ण जाऊ द्यायचा, मगच गरम पाण्याच्या हौदात उतरायचं. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. पाणी आपल्या सवयीपेक्षा बरंच गरम असतं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी बेतानं, आणि पोटभर जेवून जाऊ नये. पिंडऱ्यांचा जो दगड झालेला असतो तो इथे सुटतो.

८. विमानाचा दिवस

विमान रात्रीचं असेल तर बॅगा हॉटेलमध्येच ठेवा, चेक-आउटनंतरही ठेवून घेतात. स्टेशनवरच्या लॉकरमध्ये मोठ्या बॅगांचे कप्पे थोडे, ते सकाळीच भरतात. आदल्या दिवशी किंवा त्याच्याही आधी ताक्क्युबिननं विमानतळावर धाडली असेल तर पावती दाखवून तिथल्या काउंटरवरून घ्या. बॅग कधीपर्यंत द्यायची, ही मुदत हॉटेलला दोन दिवस आधी विचारा.

करमुक्त खरेदीचं बघून घ्या. एका दुकानात एका दिवशी कर वगळून किमान ५,००० येनची खरेदी आणि मूळ पासपोर्ट, ही अट. ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुकानातच कर कमी होतो, आणि खाण्यापिण्याच्या वस्तू सीलबंद पिशवीत देतात, ती जपान सोडेपर्यंत फोडायची नाही. १ नोव्हेंबर २०२६ पासून पूर्ण पैसे भरायचे आणि निघताना विमानतळावर नोंद झाल्यावर कर परत मिळणार, म्हणजे विमानतळावर थोडा जास्त वेळ धरा आणि घेतलेल्या वस्तू पटकन दाखवता येतील अशा ठेवा.

मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या गोळ्याचा) डबा, लोणची, साके ही तांदळाची दारू सगळं चेक-इनमध्ये. मिसो घट्ट दिसतो, पण तपासणीत त्याची गणना द्रवातच होते. पॉवर बँक उलट, ती हातातल्या सॅकमध्ये.

आणि सुइका. ते जेआर ईस्टच्या काउंटरवरच परत होतं, केइसेई किंवा केइक्यूच्या नाही. त्यामुळे उएनोला जेआरच्या खिडकीवर ५०० येन घ्या आणि विमानतळाचं कागदी तिकीट बाजूला ठेवलेल्या पाकिटातून काढा. स्कायलायनरला आसनाचं तिकीट लागतंच. गाडी सुटायला वेळ असेल तर त्याच ५०० मध्ये दोन कॉफ्या येतात.